पाणी गाळून प्यावे

(इंटरनेटमुळे आज आरोग्य, विज्ञान, राज्यकारभार आणि पर्यावरण या विषयांचे शिक्षण घरबसल्या व विनामूल्य मिळू शकते. परंतु मिळालेली प्रत्येक माहिती खरी असतेच असे नाही. या माहितीचा उपयोग कसा करावा आणि खरे-खोटे कसे ओळखावे, हे एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

जुलै महिना होता. नांदेडच्या आमच्या शाळेत सोमवारचा पहिला तास संपत आला होता. इतक्यात नववीची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. एरवी कधीही उशीर न करणारी ही मुलगी आज दमलेली दिसत होती.

“सर, आत येऊ का?”

“ये बेटा. तब्येत बरी आहे ना?”

“माझी बरी आहे, सर. धाकट्या भावाला बरे नव्हते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.”

तिचा भाऊ दोन वर्षांचा. रविवारी दुपारपासून त्याला जुलाब आणि उलट्या होत होत्या. संध्याकाळी अब्बांच्या मोबाइलवर कोणीतरी पुढे पाठवलेला एक संदेश आला होता. ‘जुलाब होत असताना मुलाला पाणी देऊ नका. पाणी दिल्याने जुलाब वाढतात’, असे त्यात लिहिले होते. दादीचाही समज तसाच होता. त्यामुळे घरच्यांनी बाळाचे पाणी बंद केले. रात्री बाळाची जीभ कोरडी पडली. तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते.

मुलीला आठवले, की शनिवारी वर्गात आपण जागतिक आरोग्य संघटनेची माहिती कशी शोधायची ते पाहिले होते. तिने अब्बांचा मोबाइल घेतला आणि शोधून वाचले. तेथे नेमके उलटे लिहिले होते. जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात, म्हणून पाणी बंद करू नये. जलसंजीवनी घोट घोट पाजत राहावी. तिने ते दादीला वाचून दाखवले.

दादी म्हणाली, “बेटी, तेही फोनवर आले, हेही फोनवर आले. मग खरे कोणते?”

मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “दादी, आपण आशाताईंना विचारू या.”

आशाताई जवळच राहत होत्या. त्या लगेच आल्या. त्यांनी जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवले आणि चमच्याने थोडे थोडे पाजायला सांगितले. जस्ताच्या गोळ्या दिल्या, त्या चौदा दिवस द्यायला सांगितल्या. “लगेच आरोग्य केंद्रात चला. अशा वेळी थांबून राहू नये,” असेही त्या म्हणाल्या. सकाळपर्यंत बाळ हसू लागले आणि सर्वांच्या जिवात जीव आला.

मुलीची हकिकत संपली, तेव्हा वर्ग शांत झाला होता. मी खडू घेतला आणि दादीचा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला : ‘तेही फोनवर आले, हेही फोनवर आले. मग खरे कोणते?’

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न आज घराघरात विचारला जायला हवा. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी, ज्ञान आपल्या घरापर्यंत कसे आले ते पाहू या.

एके काळी ज्ञान मिळवण्यासाठी दूर जावे लागत असे. आपला नांदेड-लातूरचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी ‘दारुल-तर्जुमा’ नावाचे भाषांतराचे कार्यालय उघडण्यात आले होते. विज्ञान, कायदा, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले. हे काम मोठे होते. परंतु त्याचा लाभ घ्यायला हैदराबाद गाठावे लागे आणि घरची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड असेल, तर उर्दूही शिकावी लागे. खेड्यातल्या गरीब मुलाला हे कसे जमणार?

पुढे ही वाट हळूहळू जवळ आली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि नोकरी करणाऱ्यांना, गृहिणींना घरी राहून पदवी घेता येऊ लागली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरच्या शाळा-महाविद्यालयांतील कसून अभ्यास करून घेण्याची पद्धत ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर प्रसिद्ध झाली. आजही दूरदूरची मुले तेथे खोली घेऊन राहतात आणि शिकवणीला जातात. पण शिकवणीची फी प्रत्येकाला परवडतेच असे नाही.

नेमके याच ठिकाणी इंटरनेट कामी आले. अमेरिकेत राहणाऱ्या सलमान खान नावाच्या एका तरुणाने २००४ साली दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील मुलीला फोनवरून गणित शिकवायला सुरुवात केली. (हे सलमान खान चित्रपटातले नव्हेत बरे का!) मग त्यांनी धड्यांच्या चित्रफिती बनवून इंटरनेटवर ठेवल्या. त्यांतूनच २००८ साली ‘खान अकॅडमी’ ही विनामूल्य शिकवणारी संस्था उभी राहिली. भारतात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एन.पी.टी.ई.एल.’ हा उपक्रम सुरू करून आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांसाठी खुली केली. २०१७ साली भारत सरकारने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि शाळांसाठी ‘दीक्षा’ सुरू केले. ‘स्वयम्’वर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल, तरच फी भरावी लागते.

आपल्या महाराष्ट्रानेही यात मोठी भर घातली आहे. बालभारतीची मराठी, उर्दू आणि इतर माध्यमांची पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज कोणालाही फुकट वाचता येतो. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी हजारो पुस्तके आणि चित्रफिती आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याची कल्पना पुढे आणली. मोबाइलने तो कोड टिपला, की त्या धड्याची चित्रफीत उघडते. या कामासाठी त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

अशी ही ज्ञानाची विहीर आज गावाच्या मध्यभागी आली आहे. पाणी काढायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या वर्गाने या विहिरीतून काय काय काढले, ते आता सांगतो. आम्ही दर शनिवारी एक प्रश्न घेत होतो. प्रश्न मुलांचाच असे.

पहिला प्रश्न आरोग्याचा. जलसंजीवनी इतकी साधी आहे, तर ती काम कशी करते? मुलांनी शोध घेतला. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले, की आतडे पाणी चांगले शोषून घेते, हे त्यांना समजले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली होती. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडत होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे हेच मीठ-साखरेचे पाणी रुग्णांना पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० वरून शेकडा ४ च्या खाली आले. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि माप चुकवू नये, कारण जास्त मीठ अपायकारक असते.

दुसरा प्रश्न विज्ञानाचा. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. नांदेडलाही ते जाणवले. एका मुलाने विचारले, “सर, ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप होणार’ असा संदेश आला, तर घराबाहेर झोपावे का?” या प्रश्नामागची भीती आपल्या भागाला चांगलीच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून माणसे झोपली होती. हजारो माणसे दगावली. मुलांनी वाचले, की तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या, दगड मातीने जोडलेले होते आणि वर मातीचे जड माळवद होते. त्या भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणे अजून कोणत्याही शास्त्रज्ञाला साधलेले नाही. म्हणून वेळ सांगणारा संदेश आला, की तो खोटा समजावा. मात्र भूकंप झाल्यावर त्याची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येते. संदेशाला घाबरण्यापेक्षा घर मजबूत बांधणे महत्त्वाचे.

तिसरा प्रश्न राज्यकारभाराचा. खेड्यातून एस.टी.ने येणारा एक विद्यार्थी म्हणाला, “आमच्या गावात पाण्याची टाकी बांधली, पण नळाला पाणी नाही. विचारायचे कोणाला?” आम्ही भारताचे संविधान उघडले. १९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. मग आम्ही २००५ चा माहिती अधिकार कायदा वाचला. दहा रुपये शुल्क भरून कोणताही नागरिक कामाचा खर्च आणि कागदपत्रे मागू शकतो. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. त्या मुलाने अर्जाचा नमुना वहीत उतरवून घेतला. त्याच्या अब्बांनी अर्ज केला आणि ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारला. “अब्बा पहिल्यांदाच सभेत बोलले, सर,” हे सांगताना मुलाचा चेहरा फुलला होता.

चौथा प्रश्न पर्यावरणाचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या रेल्वेला ‘जलदूत’ म्हणत. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. एका मुलीने विचारले, “आपल्या छपरावर किती पाणी पडते?” उत्तर सोपे निघाले. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. छप्पर पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असेल, तर ते पन्नास चौरस मीटर झाले. वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ३०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे अशा सतरा छपरांवरचे पाणी जलदूतच्या पहिल्या फेरीएवढे होते! त्यातले काही वाया जाईल हे खरे. तरीही हिशेब पाहून सारा वर्ग थक्क झाला.

मित्रांनो, आता दादीच्या प्रश्नाकडे वळू या. विहीर सर्वांची असते, म्हणूनच तिच्यात पालापाचोळाही पडतो. आपल्या आज्या पाणी भरताना घागरीवर स्वच्छ फडके धरत. माहितीसाठीही असेच एक फडके हवे. आमच्या वर्गाने ते चार प्रश्नांचे विणले आहे.

पहिला प्रश्न : हे कोणी सांगितले? सांगणाऱ्याचे नाव आणि काम माहीत आहे का? दुसरा : कशावरून सांगितले? काही पुरावा, मोजमाप किंवा कायद्याचे कलम दिले आहे का? तिसरा : हे केव्हाचे आहे? जुनी बातमी नवी म्हणून तर फिरत नाही ना? चौथा : दुसरीकडे पडताळले का? विश्वकोश, सरकारी संकेतस्थळ, पुस्तक किंवा जाणकार माणूस तेच सांगतो का?

ही शहानिशा तुम्हांला नवी नाही. हदीस स्वीकारण्यापूर्वी जुने विद्वान ती कोणी कोणाकडून ऐकली, याची संपूर्ण साखळी तपासत असत. सांगणारा माणूस विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती चांगली होती का, हेही पाहत. या साखळीला तुम्ही ‘सनद’ म्हणता. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाला सनद नसते. ‘जसे आले तसे पाठवले’ एवढेच त्याचे मूळ असते. मग त्याच्या भरवशावर एखाद्या बाळाचे पाणी कसे बंद करायचे?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विनामूल्य म्हटले, तरी मोबाइल आणि इंटरनेट यांना पैसे लागतात. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो दिवसभर अब्बांबरोबर कामावर जातो. मुलींच्या हाती तर तो सर्वांत शेवटी येतो. म्हणून आम्ही शाळेत धडे एकदाच उतरवून ठेवतो आणि ते सर्वांना मिळून पाहतो. ज्याच्या घरी मोबाइल आहे, त्याने शेजारच्या मुलाला जवळ बसवावे. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. तसेच मोबाइल हा डॉक्टर नव्हे आणि शिक्षकही नव्हे. त्या मुलीने वाचले हे चांगले केले; पण आशाताईंना बोलावले, हे त्याहून चांगले केले.

आणखी एक. त्या रात्री ती मुलगी जे वाचत होती, ते ती उर्दूत समजून घेत होती. आशाताईंशी मात्र ती मराठीत बोलली. आरोग्य केंद्रातील कागद मराठीत होता. ग्रामसभेचे कामकाज मराठीत चालते आणि विश्वकोशही मराठीत आहे. उर्दू ही तुमची मातृभाषा. तिच्यात तुमचे मन बोलते. मराठी ही तुमच्या मातीची भाषा. तिच्यामुळे तुम्ही शेजाऱ्याला, दवाखान्याला आणि सरकारला प्रश्न विचारू शकता. ज्याच्याजवळ दोन दोर आहेत, त्याची घागर रिकामी राहत नाही.

त्या मुलीचा भाऊ आता अंगणात पळत असतो. दादीला वाचता येत नाही, पण मोबाइलवर काही आले, की ती नातीला जवळ बोलावते आणि हसून विचारते, “बेटी, गाळून घेतलेस का?”

शब्दार्थ

विनामूल्य – फुकट, मोफत. हकिकत – घडलेली गोष्ट. जलसंजीवनी – जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे पाणी. जस्त – एक धातू, उर्दूत ‘जस्ता’. निर्वासित – घरदार सोडून यावे लागलेले लोक, मुहाजिर. पटकी – कॉलरा, हैजा. माळवद – लाकडे व माती यांचे सपाट छप्पर. घटनादुरुस्ती – संविधानात केलेला बदल. बंधनकारक – करावेच लागणारे, लाजिमी. शहानिशा – खरे-खोटे तपासणे, तहकीक. घागर – पाणी भरण्याचे भांडे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगी शाळेत उशिरा का आली?
(आ) ‘दारुल-तर्जुमा’चे काम कोणते होते?
(इ) लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेला काय म्हणत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) किल्लारीच्या भूकंपात घरे कोसळण्याचे कारण कोणते?
(आ) माहिती गाळून घेण्याचे चार प्रश्न कोणते?
(इ) ‘ज्याच्याजवळ दोन दोर आहेत, त्याची घागर रिकामी राहत नाही’, असे लेखकाने का म्हटले आहे?

३. कोण कोणास म्हणाले?
(अ) “आपण आशाताईंना विचारू या.”
(आ) “तेही फोनवर आले, हेही फोनवर आले. मग खरे कोणते?”

४. वाक्यांत उपयोग करा : डोळ्याला डोळा न लागणे, जिवात जीव येणे, थक्क होणे, शहानिशा करणे.

५. लिंग ओळखा व अनेकवचन लिहा : विहीर, घागर, प्रश्न, छप्पर, साखळी.

६. हिशेब करा : आपल्या घराच्या किंवा शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर किती लिटर पाणी पडेल?

७. उपक्रम : घरी मोबाइलवर आलेला एक संदेश निवडा. पाठातील चार प्रश्न त्याला लावून पाहा. तुम्हांला काय आढळले, ते वर्गात मराठीतून सांगा.